मुलाखत झाली, सांगितलेली तारीखही उलटली. आता विचारावं की गप्प बसावं?

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवा आहे.

मी खरेदी विभागात काम करते, सध्या नोकरी बदलायच्या खटपटीत आहे. जिथे मनापासून जायचंय त्या कंपनीतल्या सगळ्या फेऱ्या झाल्या. शेवटची मुलाखत विभागप्रमुखांनी घेतली. बोलणं चांगलं रंगलं, नोटीस पीरियड किती आहे हेही त्यांनी विचारलं. निघताना एचआरच्या बाई म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवतो." तो शुक्रवार येऊन गेला आणि तिकडून चिडीचूप. मुलाखतीच्या संध्याकाळीच आभाराची छोटी मेल टाकली होती, तिलाही उत्तर नाही.

दरम्यान दुसऱ्या एका ठिकाणाहून ऑफर लेटर आलंय. पगार बरा आहे, काम मात्र आत्ता करते तेच. त्यांना या शुक्रवारी उत्तर हवंय.

घरचे म्हणतात, सरळ फोन लाव. मैत्रीण म्हणते, मागे लागलीस तर भाव कमी होईल. पहिल्या कंपनीला दुसऱ्या ऑफरबद्दल सांगितलं तर ती धमकी वाटेल का? विभागप्रमुखांचा नंबर माझ्याकडे आहे, त्यांना व्हॉट्सॲप करू का? लिंक्डइनवर रिक्वेस्ट पाठवलेली चालते का? आणि नोटीस पीरियड विचारला म्हणजे जवळपास ठरलंच, असं धरून चालायचं का?

— सायली_२२

टिंबटिंब: शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. नोटीस पीरियड सगळ्यांनाच विचारतात. त्यावरून काही धरून चालू नका.

अर्धविराम: मी भरतीचंच काम करतो, तेव्हा आतली बाजू सांगतो.

"शुक्रवारपर्यंत" हे एचआरने अंदाजाने सांगितलेलं असतं. मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाने आपला अभिप्राय लेखी द्यायचा असतो आणि तो कुणीही वेळेवर देत नाही. आमचा निम्मा दिवस त्यांच्या मागे फिरण्यात जातो. उमेदवार पसंत पडला तरी पगाराचा आकडा, पदाची श्रेणी, बजेट या सगळ्यावर मंजुऱ्या लागतात, आणि त्यातला एक साहेब रजेवर गेला की फाइल तिथेच बसते. कधी आणखी एकाची मुलाखत राहिलेली असते. कधी आतल्याच कुणाला ती जागा द्यायचं घाटत असतं. आणखी एक शक्यता आहे, ऐकायला बरी वाटणार नाही: पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर गेलेली असते आणि त्याचा होकार येईपर्यंत दुसऱ्या पसंतीच्या माणसाला ना हो, ना नाही असं ताटकळत ठेवतात. मला हे पटत नाही, पण चालतं. त्यातल्या काही दुसऱ्या पसंतीच्या लोकांना पुढे बोलावणंही येतं. त्यामुळे या शांततेचा तुम्ही काहीही अर्थ लावलात तरी तो चुकण्याचीच शक्यता जास्त.

तेव्हा विचाराच. तारीख त्यांनी दिली होती. ती उलटून दोनेक कामाचे दिवस गेले की विचारण्यात कसलाही आगाऊपणा नाही. (तारीख दिलीच नसेल तर साधारण आठवडाभर थांबावं.) विचारायचं मात्र एचआरला. विभागप्रमुखाला व्हॉट्सॲप केलंत तर तो अवघडतो, कारण निर्णय कळवणं त्याच्या हातात नसतं. शेवटी तो तुमचा मेसेज आमच्याकडेच ढकलतो.

मुलाखतीची वेळ ज्या मेलवर ठरली होती तिलाच उत्तर द्या, म्हणजे पद कुठलं, मुलाखत कधीची, हे समोरच्याला शोधत बसावं लागत नाही. आणि नुसतं "काही कळलं का?" असं विचारू नका. त्या मेलला उद्या उत्तर दिलं काय आणि पुढच्या महिन्यात दिलं काय, समोरच्याचं काही अडत नाही. तुमच्याकडे तर सांगण्यासारखी खरी मुदत आहे. साधारण असं लिहा, तुमच्या कामाच्या भाषेत:

"नमस्कार. खरेदी विभागातल्या पदासाठीच्या मुलाखतीचा निर्णय गेल्या शुक्रवारपर्यंत कळेल असं आपण सांगितलं होतं, म्हणून विचारते आहे. मला दुसऱ्या ठिकाणाहून लेखी ऑफर आली आहे आणि त्यांना येत्या शुक्रवारी उत्तर द्यायचं आहे. माझी पसंती आपल्याकडच्या कामालाच आहे. गुरुवारपर्यंत निर्णय किंवा निदान तो कधी होईल हे कळलं तर मला ठरवायला मदत होईल."

यात धमकी कुठे आहे? दुसऱ्या कंपनीचं नाव नाही, पगाराचा आकडा नाही. उलट अशी मेल आली की माझं काम सोपं होतं. मी ती तशीच वर पाठवतो आणि मंजुरी मागतो. "उमेदवार विचारतोय" एवढ्यावर कुणी हलत नाही, "उमेदवार जाईल" म्हटलं की हलतात. फक्त ऑफर खरी असली पाहिजे. पत्र दाखवा म्हणणारे लोकही असतात.

वाटसरू: मेलच्या बाबतीत असहमत. एचआरच्या मेलबॉक्समध्ये काय काय पडून असतं ते बघितलंय. शुक्रवारची मुदत डोक्यावर असताना मेलच्या भरवशावर राहू नये. फोन करा.

अर्धविराम: मुदत इतकी जवळ असेल तर दोन्ही करा. आज मेल, उद्या दुपारपर्यंत उत्तर नाही आलं तर फोन. फोन एकदाच, आणि उचलला नाही तर परत परत लावू नका.

झुळूक: सगळे पहिल्या कंपनीबद्दलच बोलतायत. सायली, आधी दुसऱ्या कंपनीकडे वेळ मागा, आणि तोही आजच. शुक्रवारी संध्याकाळी मुदतवाढ मागणाऱ्याबद्दल वाईट मत होतं, चार दिवस आधी मागणाऱ्याबद्दल होत नाही. "ऑफरबद्दल आभार, अटी नीट वाचून पुढच्या बुधवारी पक्कं कळवते, चालेल का?" एवढं पुरे. कारण म्हणून दुसऱ्या मुलाखतीची कहाणी सांगायची गरज नाही. तेवढ्या वेळात ऑफर लेटर खरंच वाचून काढा: प्रोबेशन किती, पगारातला किती भाग कामगिरीवर अवलंबून, सोडताना नोटीस किती. काही विचारायचं असेल तर लेखी विचारा.

मनमौजी: एवढा विचार कशाला? दुसरीला हो म्हणून टाका. पहिलीकडून आलं तर दुसरी सोडून द्यायची. कंपन्या आपल्याशी असंच वागतात.

झुळूक: @मनमौजी, कंपन्यांबद्दलचा राग समजतो. पण तुम्ही हो म्हटल्यावर तिथल्या एचआरने बाकीच्या उमेदवारांना नकार कळवलेला असतो, म्हणजे फटका कंपनीपेक्षा त्यांना जास्त बसतो. शिवाय सही करून माघार घेतली तर काय होतं हे करारात काय लिहिलंय त्यावर आहे. एकाच क्षेत्रात फिरायचं असेल तर तीच माणसं पुन्हा भेटतात.

टिंबटिंब: लिंक्डइन राहिलंच की. रिक्वेस्ट पाठवा, काही बिघडत नाही. त्यांनी स्वीकारली म्हणून लगेच निकाल विचारू नका.

जुनाखेळाडू: दोन गोष्टी कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

एक, राजीनामा. फोनवर कितीही गोड बोलले, "तुमचं झालंय समजा" म्हणाले तरी लेखी ऑफर हातात येऊन तुम्ही ती स्वीकारल्याशिवाय राजीनाम्याचं नाव काढू नका. बऱ्याच ऑफर पार्श्वभूमी पडताळणीवर अवलंबून असतात, तशी अट असेल तर ती पूर्ण झाली का, हेही विचारून घ्या. ज्यांची नावं संदर्भासाठी दिली असतील त्यांना आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे अचानक फोन आला तर ते गडबडणार नाहीत. आणि सध्याच्या ऑफिसात इतक्यात चौकशी करू नका, हे एचआरला स्पष्ट सांगा. न सांगितल्यामुळे साहेबांना आधी कळल्याची उदाहरणं आहेत.

दोन, मुलाखतीत काय काय बोलणं झालं ते आज लिहून काढा. काम नेमकं काय, कुणाच्या हाताखाली, घरून किती दिवस, पगारवाढ कधी. तोंडी सांगितलेलं पुढे पत्रात उतरत नाही, आणि तेव्हा "मुलाखतीत तर असं म्हणाला होतात" हे ठामपणे म्हणायला आपल्याला आठवावं लागतं.

आणि निकाल येईपर्यंत बाकीचे अर्ज थांबवले असतील तर सुरू करा.

सायली_२२: सगळ्यांचे आभार. दुसऱ्या कंपनीकडे आधी वेळ मागितला, बुधवार नाही पण सोमवार दुपारपर्यंत मिळाला. मग अर्धविरामांचा मसुदा थोडा बदलून पाठवला. फोन करावाच लागला नाही, संध्याकाळी उत्तर आलं: अंतिम मंजुरी देणारे बाहेरगावी आहेत, सोमवारी परततील, त्याच दिवशी कळवायचा प्रयत्न करू. "प्रयत्न करू" म्हणजे काय समजायचं?

अर्धविराम: म्हणजे सोमवारी होईल किंवा मंगळवारी. आज परत मेल नको. उद्या फोन करून एवढंच सांगा की तुमची मुदत सोमवारी दुपारी संपते, सकाळी निर्णय होणं शक्य आहे का. त्या "नाही" म्हणाल्या तर मुदत संपेपर्यंत वाट बघायची की हातातली ऑफर घ्यायची हे शनिवार-रविवारातच ठरवून ठेवा. सोमवारी बारा वाजता ठरवायला बसू नका.