बंद झालेले पारदर्शक पॅनल टॅप अडवते : ओपॅसिटी आणि ट्रान्झिशनबाबत मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या गावातील ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर पुस्तकांची यादी आहे. नावावर टॅप केले की त्या पुस्तकाची माहिती देणारे पॅनल यादीवर हळूहळू उमटते आणि बंद करताना 0.3 सेकंदांत विरून जाते. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींत मी हे तपासले होते. तरीही एका ज्येष्ठ वाचकांनी कळवले की, एकदा पॅनल बंद केल्यावर त्यांच्या आयफोनवर यादीतील काहीच उघडत नाही.

कारण सापडायला दोन दिवस लागले. ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, 0 केल्याने घटक केवळ दिसेनासा होतो. त्याची जागा आणि टॅप झेलण्याची क्षमता तशीच राहते. म्हणून ट्रान्झिशन (हळूहळू होणारा बदल) संपल्याची ब्राउझरची सूचना, म्हणजे ट्रान्झिशन-एंड हा इव्हेंट, आली की जावास्क्रिप्टने डिस्प्ले नन करून पॅनल मांडणीतूनच काढावे, अशी रचना मी केली होती. त्या वाचकांना हलत्या दृश्यांनी गरगरते, त्यामुळे त्यांनी फोनमध्ये हालचाल कमी करण्याची सोय सुरू ठेवली आहे, आणि ती सुरू असल्यास माझे सीएसएस (पानाचे रूप ठरवणारे नियम) ट्रान्झिशनच काढून टाकते. परिणामी तो इव्हेंट आलाच नाही आणि पूर्ण पारदर्शक पॅनल यादीवर पसरून राहिले. ज्यांच्या सोयीसाठी ती ओळ लिहिली त्यांचीच अडचण झाली, याचे मला फार वाईट वाटते.

आता मी व्हिजिबिलिटी या सीएसएस गुणधर्माचा आधार घेतला आहे. बंद होताना ती 0.3 सेकंद थांबून हिडन (लपलेली) होते, उघडताना विलंब 0 असतो, आणि हालचाल कमी असल्यास दोन्ही बदल तत्काळ होतात. हिडन घटक टॅप घेत नाही, स्क्रीन रीडरही तो वाचत नाही.

परंतु प्रत्येक पुस्तकाचे पॅनल पानातच असल्याने ब्राउझरला त्या सर्वांची मांडणी करावी लागते. डिस्प्ले नन असते तर ती टळली असती. स्टार्टिंग-स्टाइल आणि अलाउ-डिस्क्रीट या सीएसएसमधील नव्या सोयी वापरून डिस्प्लेसुद्धा ट्रान्झिशनमध्ये घेता येतो, हे मी वाचले आहे. क्रोममध्ये ही सोय 2023 मधील 117व्या आवृत्तीपासून आहे. मात्र आमच्या काही वाचकांकडे आयफोन 7 आहे, जो आयओएस 15 च्या पुढे जात नाही, आणि तिथे पॅनल एकदम उघडेल व एकदम मिटेल.

अशा जुन्या फोनसाठी व्हिजिबिलिटीचाच मार्ग ठेवावा, की एकच पॅनल ठेवून त्यातील मजकूर बदलावा? प्रत्यक्ष जुन्या आयफोनवर हे करून पाहिलेल्यांनी कृपया अनुभव सांगावा.