मदत हवी आहे : खणाच्या बाहीला कुठली फ्रेम लावू?

नमस्कार ताई-दादांनो. मी बेळगाव-वडगावात घरगुती मशीनवर ब्लाउजची एम्ब्रॉयडरी करून देते. गुळेदगुड्डच्या खणाच्या बाहीवर ८० मिमी उंचीचे दोन मोर एकाखाली एक काढायचे आहेत. १३० × १८० मिमीच्या फ्रेममध्ये (मशीनवर कापड ताणून धरणारी चौकट) दोन्ही एकदम बसतात, पण मधे कापड सैल पडून मोराभोवती चुण्या येतात. डिझाइन मावेल तेवढीच लहान फ्रेम घ्यावी हे मला पटतं. मात्र १०० × १०० लावली की दुसऱ्या मोराला खण पुन्हा बसवावा लागतो आणि ओळ सरकते. शिवाय फ्रेमचा वळ उठतो तो वेगळाच!

घरगुती मशीनला मॅग्नेटिक (चुंबकाने कापड धरणारी) फ्रेम चालते का? की फ्रेममध्ये नुसता स्टॅबिलायझर (कापडाखाली लावायचा आधाराचा थर) ताणून खण वरून चिकटवावा? निपाणी, खानापूरकडे खणावर काम करणाऱ्यांनी जरूर सांगा. गिऱ्हाइकाच्या घरी लग्न आहे, कापड बिघडून चालणार नाही.