‘ओळख पटवणे’ नेमकी कोणाची?

अनुवादक :
शीतयुद्धाच्या काळातील हेरगिरीवरील एका लेखाचा अनुवाद करताना अडलो आहे. आशय असा की, संशयित हस्तकाची खरी ओळख आणि पार्श्वभूमी निश्चित करण्यास तपास करणाऱ्यांना कित्येक महिने लागले. मी ‘ओळख पटवण्यास’ असे लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘ओळख मृतदेहाची पटवतात, हेराचा छडा लावतात’ असा शेरा मारला. छडा मला पसंत नाही, कारण तो लागतो चोरीच्या मालाचा किंवा बेपत्ता माणसाचा. इथे माणूस तर समोर बसलेला आहे, ठाऊक नाही ते एवढेच की तो कोण. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

मुद्रितशोधक :
आपल्या संपादकांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ‘पटणे’ म्हटले की दोन बाजू जुळणे आलेच; म्हणून तर ‘त्या दोघांचे पटत नाही’ असे आपण म्हणतो. मृतदेहाची ओळख पटते तेव्हा त्याला पूर्वी पाहिलेले कोणीतरी दुसऱ्या बाजूला असते. हस्तकाच्या बाबतीत ही दुसरी बाजूच मुद्दाम कापून टाकलेली असते.

1961 साली लंडनमध्ये पकडला गेलेला गॉर्डन लोन्सडेल पाहा. कागदोपत्री तो कॅनडातील कोबाल्ट या गावी जन्मलेला होता. तिथल्या जुन्या डॉक्टरकडे चौकशी केली तेव्हा खऱ्या लोन्सडेलची बालपणीच सुंता झाल्याचे कळले. अटकेतील इसमाची झालेली नव्हती. एवढ्यावरून तो लोन्सडेल नव्हे हे ठरले, परंतु तो कोनोन मोलोदी नावाचा सोव्हिएत अधिकारी आहे हे काही त्यातून निघत नाही. पंचवीस वर्षांची शिक्षाही त्याला लोन्सडेल याच नावाने सुनावली गेली. याला मी ओळख ‘खोटी पाडणे’ म्हणेन. पटवणे ही त्यापुढची, वेगळी पायरी आहे.

मोडीवाचक :
या माणसासाठी मराठीत ‘तोतया’ हा नेमका शब्द असताना ‘संशयित हस्तक’ कशासाठी? पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून जो उभा राहिला आणि 1776 साली ज्याला देहान्ताची शिक्षा झाली, त्याच्यापासून हा शब्द घरोघरी पोचला. शिकवलेले बोलतो तो तोता, आणि त्यावरून तोतया, अशी माझी समजूत आहे.

मुद्रितशोधक :
मराठीच्या अंगणात पोपट असताना तोता कुठून आणलात? ‘तोत’ म्हणजे ढोंग, लबाडी. हा शब्द जुन्या कोशांत मिळतो आणि तोतया त्यावरून सरळ साधतो. शिवाय तोतया एखाद्या नामांकित माणसाची जागा घेतो, त्यामुळे त्या माणसाला ओळखणाऱ्यांना समोर आणले की निकाल लागू शकतो. हस्तक मुद्दाम अशा माणसाचे नाव घेतो की ज्याला ओळखणारे फारसे कोणी उरलेले नाही.

संस्कृताभिमानी :
आपण सर्व ‘ओळख’ घेऊन बसला आहात आणि ‘पार्श्वभूमी’ तशीच सोडून दिलीत. पार्श्व म्हणजे बगल. पाठीमागे जे असते ती पृष्ठभूमी. आणि माणसाच्या बाबतीत तर ‘पूर्ववृत्त’ हा शुद्ध शब्द उपलब्ध आहे. कौटिल्याकडे ‘गूढपुरुष’ आहे, दोन्हीकडून पगार खाणाऱ्यासाठी ‘उभयवेतन’ आहे, आणि हेरांच्या बातमीबद्दल ‘त्रयाणामेकवाक्ये संप्रत्ययः’ म्हणजे तिघांचे म्हणणे एक आले तरच विश्वास ठेवावा, असा नियमही आहे. एवढे भांडार असताना भाषांतराला शब्द कमी पडावेत, याचे आश्चर्य वाटते.

मोडीवाचक :
पार्श्वगायक तरी कुठे कोणाच्या बगलेत उभा असतो? तो पडद्यामागेच असतो आणि कोणाची तक्रार नसते. ‘गुन्हेगारी पार्श्वभूमी’ रोज छापून येते; उद्या ‘गुन्हेगारी पूर्ववृत्त’ छापले तर वाचक दोनदा वाचेल. ‘उभयवेतन’ मात्र मला फार आवडला, तो मी वापरणार.

जुनी वाचक :
माझी शंका निराळी आहे. पूर्व जर्मनीचा हेर गुंटर गियोम 1956 साली तिथून पश्चिम जर्मनीत आला तो स्वतःच्याच नावाने, स्वतःच्याच बायकोसह. पुढे तो तिथले चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, विली ब्रांट यांच्या अगदी निकटचा साहाय्यक झाला आणि 1974 साली पकडला गेला. पूर्व जर्मनीने आपल्या हेरांना पाठवलेल्या आणि पन्नाशीच्या दशकात टिपून ठेवलेल्या सांकेतिक रेडिओ संदेशांत कोणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, आणि त्या तारखा गियोम कुटुंबातल्या तारखांशी जुळल्या. नाव खरे, लग्न खरे, जन्मतारीख तर इतकी खरी की तिनेच घात केला. मग याची ‘खरी ओळख’ कोणती म्हणायची? आणि तारखांशी तारखा जुळवून माणूस ठरवला, यालाच मुद्रितशोधक ‘पटणे’ म्हणत होते ना? म्हणजे अनुवादकांचे मूळ वाक्यच योग्य होते.

मुद्रितशोधक :
गियोमपुरते मान्य आहे. लोन्सडेलपुरते नाही.

अनुवादक :
सर्वांचे आभार. लेख दोघांविषयीही आहे, ही माझी अडचण कायम आहे. संपादकांनी तूर्त छडाही काढला असून ‘तो खरा कोण, कुठला, हे शोधून काढण्यास’ असे साधे वाक्य सुचवले आहे.

जुनी वाचक :
वाक्य चांगले आहे, पण गियोम कोण आणि कुठला हे ब्रांट यांच्या कार्यालयात सर्वांनाच ठाऊक होते. तो कोणाचा, एवढेच ठाऊक नव्हते, आणि संपादकांच्या वाक्यात नेमका तोच शब्द नाही.