धोरण-संशोधनाचा ऑनलाइन उन्हाळी कार्यक्रम: अकरावीतील मुलीसाठी सल्ला हवा आहे

मीनल_विटा:

नमस्कार. माझी मुलगी राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी कला शाखेत शिकते. कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा जो प्रस्ताव २०२३ पासून चर्चेत आहे, त्याविषयी उलटसुलट जे छापून येते त्याची कात्रणे ती जमवत असते आणि आता तिला या विषयाचा रीतसर अभ्यास करावासा वाटतो. शालेय विद्यार्थ्यांसाठी सार्वजनिक धोरणाचे ऑनलाइन उन्हाळी कार्यक्रम असतात, असे तिच्या अर्थशास्त्राच्या सरांनी सांगितले. आम्ही शोधायला बसलो, तर परदेशी विद्यापीठांच्या नावांचा इतका मारा झाला की त्यातले खरोखर विद्यापीठाने चालवलेले कोणते आणि नुसते नाव पुढे करणारे कोणते, हेच कळेनासे झाले.

तिला बाहेरगावी ठेवण्याची सोय नसल्यामुळे कार्यक्रम ऑनलाइनच हवा. पंधरा-वीस हजारांपलीकडचे शुल्क झेपणार नाही. परीक्षा एप्रिलमध्ये संपते आणि जूनच्या मध्यात बारावी सुरू होते, म्हणजे मधला काळच काय तो मोकळा आहे. प्रमाणपत्र मिळाले नाही तरी चालेल, पण तिचे लिखाण कोणा जाणत्या व्यक्तीने वाचून दुरुस्त करावे, ही मुख्य अपेक्षा आहे. पुढचे शिक्षण भारतातच घ्यायचा विचार आहे.

संदीप_ठाणे:

अशोका विद्यापीठाचा शालेय विद्यार्थ्यांसाठीचा यंग स्कॉलर्स प्रोग्रॅम पाहा. निवासी की ऑनलाइन, हे त्या वर्षीच्या सूचनेत तपासून घ्या. स्टॅनफर्डचे प्री-कॉलेजिएट समर इन्स्टिट्यूट्स हे ऑनलाइन वर्ग विद्यापीठ स्वतः चालवते, पण ते तुमच्या अंदाजपत्रकात बसणार नाहीत. जॉन लॉक इन्स्टिट्यूटच्या निबंध स्पर्धेत राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र असे वेगळे विभाग आहेत आणि दोन हजार शब्दांची मर्यादा आहे. ती स्पर्धाच आहे, संशोधनाचे शिक्षण तिथे मिळत नाही, पण लिहिण्याला एक निमित्त मिळते.

अनघा_एडिसन:

मीनलताई, मी न्यू जर्सीत राहते आणि माझ्या मुलाच्या निमित्ताने इथल्या कार्यक्रमांची बरीच छाननी केली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिली अडचण वेळापत्रकाची आहे. अमेरिकेतील उन्हाळी कार्यक्रम साधारण जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत चालतात, म्हणजे तुमच्याकडे बारावीचे वर्ग सुरू झाल्यावर. त्यात घड्याळाचीही भर पडते. पूर्व किनाऱ्यावरचा सकाळी दहाचा तास भारतात संध्याकाळी साडेसातला येतो, तोवर ठीक आहे. पण कॅलिफोर्नियातील सकाळी दहाचा तास तुमच्याकडे रात्री साडेदहाला सुरू होईल आणि दुसऱ्या दिवशी मुलगी कॉलेजात पेंगेल. बहुतेक चांगल्या ठिकाणी अर्जांची मुदत हिवाळ्यातच संपते, हेही लक्षात ठेवावे लागते.

दुसरी गोष्ट पैशांची आहे. येल यंग ग्लोबल स्कॉलर्समध्ये राज्यशास्त्र, कायदा आणि अर्थशास्त्र यांचा स्वतंत्र विभाग असून गरजेनुसार आर्थिक मदतही मिळते, परंतु कोविडच्या काळात ऑनलाइन झालेला हा कार्यक्रम आता पुन्हा येलच्या आवारात भरतो. पायोनियर अकॅडमिक्स हा मात्र मुळातच ऑनलाइन आहे. त्यात आधी छोट्या गटात प्राध्यापकांबरोबर वर्ग होतात आणि मग प्रत्येकाला स्वतःचा शोधनिबंध लिहावा लागतो. ओबरलिन कॉलेजच्या सहकार्यामुळे त्याचे क्रेडिट, म्हणजे महाविद्यालयीन अभ्यासक्रमाचे श्रेयांक, मिळते. शुल्क हजारो डॉलरमध्ये आहे, पण निवड झालेल्या गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती दिली जाते. मुलीचे इंग्रजी लेखन पक्के असेल आणि शिष्यवृत्तीसह अर्ज करायची तयारी असेल, तरच त्या वाटेला जावे.

राहिले ते असंख्य खासगी ‘मेंटॉरशिप’ कार्यक्रम. नावाजलेल्या विद्यापीठातील एखादा पीएचडी करणारा विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून नेमायचा आणि जाहिरातीत त्या विद्यापीठाचे नाव ठळक छापायचे, अशी तिथली सर्वसाधारण रीत आहे. त्यातले काही मार्गदर्शक खरोखर मन लावून शिकवतात, त्यामुळे सगळ्यांना एकाच तराजूत तोलणार नाही. पैसे भरण्यापूर्वी मार्गदर्शकाचे नाव, त्याच्याबरोबर एकट्याने मिळणारे तास आणि कच्चा मसुदा किती वेळा वाचून परत मिळेल, एवढे लेखी विचारून घ्या. निबंध ‘छापून देण्याची हमी’ असे शब्द दिसले की तिथूनच परत फिरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे घेऊन मुलांचे लेख छापणाऱ्या नियतकालिकांना कोणी विचारत नाही.

राजेश_नागपूर:

अनघाताई, तुमचे म्हणणे मान्य असले तरी नावाचे वजन असतेच. मुलीने उद्या परदेशी अर्ज करायचे ठरवले, तर मोठ्या विद्यापीठाचे प्रमाणपत्र हाताशी असलेले बरे. खर्च होतो, पण तो गुंतवणूक म्हणून पाहावा.

अनघा_एडिसन:

राजेशजी, निवड कठीण असलेल्या आणि विनाशुल्क किंवा शिष्यवृत्तीवर चालणाऱ्या मोजक्या कार्यक्रमांबाबत तुमचे म्हणणे पटते. पैसे भरले की प्रवेश मिळतो, अशा वर्गाचे प्रमाणपत्र प्रवेश समित्यांना केवळ घरची ऐपत सांगते. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अमेरिकी विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश अर्जात, उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरे मिळतात. तेवढ्यात ‘अमुक विद्यापीठाचा दोन आठवड्यांचा वर्ग’ लिहिले काय आणि ‘तालुक्यातील शाळांच्या अंतराचा अभ्यास करून अहवाल पंचायत समितीला दिला’ असे लिहिले काय, वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत विचारण्यासारखे जास्त सापडेल.

भारतातल्या प्रवेशांचे गणित तर आणखी सरळ आहे. सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा) किंवा क्लॅट (विधी प्रवेश परीक्षा) यांच्या गुणांवर मिळणाऱ्या प्रवेशात अशा प्रमाणपत्राला जागाच नाही. निबंध आणि मुलाखत घेणाऱ्या मोजक्या खासगी विद्यापीठांतच या कामाविषयी बोलायची संधी मिळते.

धोरण_अभ्यासक_पुणे:

मी धोरण-संशोधनाच्याच क्षेत्रात काम करतो. मीनलताईंच्या सगळ्या अटी पूर्ण करणारा एकही तयार कार्यक्रम मला सुचवता येत नाही. आपल्याकडे या विषयातले जे भक्कम उपक्रम आहेत, ते पदवीनंतरचे आहेत. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संसद व विधिमंडळांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची खासदारांबरोबर काम करण्याची लॅम्प फेलोशिप आणि राज्य सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप या दोन्ही पदवीधरांसाठी आहेत. सार्वजनिक धोरण शिकवणाऱ्या तक्षशिला संस्थेचे ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रमही मुख्यतः त्याच गटाला डोळ्यांपुढे ठेवून आखलेले असतात. अकरावीच्या मुलीला इथे चार-पाच वर्षे थांबावे लागेल.

मात्र हे कार्यक्रम जे शिकवतात, त्यातला बराच भाग विनामूल्य उपलब्ध आहे. गरिबीच्या प्रश्नावरचा अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाचा अभ्यासक्रम त्यांच्या ओपनकोर्सवेअर या संकेतस्थळावर आहे. नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या नावाशी जोडलेल्या एमआयटीएक्सच्या (एमआयटीचे ऑनलाइन वर्ग) धोरणविषयक ऑनलाइन अभ्यासक्रमांना पदवीची अट नाही. कोअर इकॉन या प्रकल्पाचे अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तकही ऑनलाइन विनामूल्य वाचता येते. पीआरएसच्या संकेतस्थळावर विधेयकांचे आणि समित्यांच्या अहवालांचे सारांश असतात, शिवाय महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पाचे विश्लेषणही असते. धोरणावरचे लेखन नेमके आणि कोरडे कसे असावे, हे शिकायला माझ्या मते याहून चांगला धडा नाही. मुलीने त्यातला एक सारांश मूळ विधेयकाशेजारी ठेवून वाचावा आणि काय घेतले, काय गाळले, याच्या खुणा कराव्यात.

जे विनामूल्य मिळत नाही, ते म्हणजे मसुदा वाचणारा माणूस, आणि तुम्ही नेमके तेच मागितले आहे. शुल्कासाठी ठेवलेल्या रकमेचा काही भाग मानधन म्हणून देऊन एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याकडून चार-पाच बैठकांत मसुदा तपासून घेणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. पुण्यात १९३० साली स्थापन झालेली गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग आहे; अशा ठिकाणी सरांच्या ओळखीने विचारल्यास होतकरू मुले भेटतात आणि बैठका ऑनलाइन घेता येतात.

विषय मात्र आणखी बारीक करावा लागेल. ‘समूह शाळा योग्य की अयोग्य’ हा वादस्पर्धेचा विषय झाला. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी लागते. मग प्रश्न असा मांडता येतो: आपल्या तालुक्यातील वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा बंद झाल्या, तर किती वाड्यावस्त्यांना १ किलोमीटरच्या आत शाळा उरणार नाही, आणि तिथल्या मुलांची ने-आण करायला वर्षाकाठी किती खर्च येईल? याचे उत्तर मोजून काढता येते आणि ते चुकले तर कोणी दाखवूनही देऊ शकतो. पटाची माहिती यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी माहितीसंचावर शाळानिहाय मिळते, शाळेचा अकरा अंकी क्रमांक तेवढा हवा. अंतरे नकाशावर मोजता येतात. शेवटी दोन पानांचे टिपण लिहावे: प्रश्न, उपलब्ध पर्याय, प्रत्येकाचा खर्च आणि शिफारस. नवशिक्यांच्या मसुद्यावर मी समासात बहुतेक वेळा दोनच प्रश्न लिहितो: ‘हे करणार कोण?’ आणि ‘पैसे कोणत्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातील कोणत्या खात्यातून)?’ त्यांची उत्तरे शोधताना मुलांना शासन कसे चालते ते कळू लागते.

मीनल_विटा:

सर्वांचे मनापासून आभार. मुलीने हा धागा वाचला आणि अंतरे मोजण्याचा प्रश्न तिला पटला आहे. पायोनियरचा अर्ज बारावीचा ताण पाहता आम्ही बाजूला ठेवत आहोत. दोन शंका आहेत. यूडायसवर नसलेली माहिती, उदाहरणार्थ सध्या मुलांच्या वाहतुकीवर किती खर्च होतो, ती माहिती अधिकारात मागता येईल का, आणि ती १६ वर्षांची आहे म्हणून काही अडचण येईल का? तसेच ती मे महिन्यात शाळांना भेटी देणार म्हणते, त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागेल?

धोरण_अभ्यासक_पुणे:

माहिती अधिकार कायद्यात ‘नागरिक’ एवढीच अट आहे, वयाची नाही. तरीही पत्रव्यवहाराच्या सोयीसाठी अर्ज तुमच्या नावाने केलात तर बरे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांपर्यंत मजकूर असावा लागतो. शुल्क १० रुपये आहे आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. हे ३० दिवस सुट्टीतून वजा करावे लागतील, म्हणून अर्ज आत्ताच, मार्च उजाडण्यापूर्वी, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे द्यावा. ‘वाहतुकीवर किती खर्च होतो’ असे मोघम विचारू नका. आर्थिक वर्ष, तालुका, लाभार्थी मुलांची संख्या आणि प्रत्यक्ष अदा केलेली रक्कम अशी कागदपत्रांत सापडेल अशी माहिती मागा.

गुरुजी_आटपाडी:

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, म्हणून भेटींपुरते लिहितो. मे महिन्यात शाळेला कुलूप असते, तेव्हा तुमच्या मुलीला मुले भेटणार नाहीत आणि शिक्षकही गावी गेलेले असतील. परीक्षा संपताच एप्रिलमध्ये सकाळच्या सत्रात यावे. मुख्याध्यापकांना आधी भेटून कॉलेजच्या लेटरहेडवर सरांचे पत्र द्यावे आणि त्याची प्रत केंद्रप्रमुखांना द्यावी. मुलांची नावे लिहून घेऊ नयेत आणि फोटो काढू नयेत. शाळा व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यांच्याशी मात्र सुट्टीतही गावात जाऊन बोलता येईल आणि वस्तीवरून शाळेपर्यंतचा खरा रस्ता तेच दाखवतील. नकाशावर ८०० मीटर दिसणारे अंतर ओढ्याला पाणी आले की दुप्पट होते.

आकड्यांबद्दलही एक सांगतो. यूडायसमधील पट परंपरेने ३० सप्टेंबरच्या स्थितीचा धरला जातो आणि ऊसतोडीचा हंगाम त्यानंतर सुरू होतो. आई-वडिलांबरोबर कारखान्यावर जाणारी मुले पटावर असतात, पण वर्गात नसतात; उलट काही ठिकाणी ती आजी-आजोबांकडे राहतात, म्हणून शाळा जवळ असणे त्यांच्यासाठी अधिकच गरजेचे असते. मुलीने यूडायसचा पट आणि हजेरीपटावरील जानेवारीची सरासरी उपस्थिती असे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवावेत. हजेरीची बेरीज मुख्याध्यापकांच्या मासिक पत्रकात तयार असते, विचारल्यास दाखवतात.