पूर्ण दरवाजे नकोत, पडदा आणि अर्धं दार बघा

गोव्यातल्या कोलव्याच्या होमस्टेत पाहुण्यांसाठी असलेल्या उघड्या इलेक्ट्रिक गाडीला फायबरचे पूर्ण दरवाजे बसवावेत का, असा प्रश्न आलाय. माझं स्पष्ट मत: नको. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, पण बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. बाकीचे महिने घामाचे, बंद गाडीत एसीशिवाय पाहुणे शिजतील. वजन वाढलं की रेंजही, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारं अंतरही, घटते. रेनॉच्या ट्विझी या छोट्या दोन आसनी इलेक्ट्रिक गाडीलासुद्धा दरवाजे बऱ्याच ठिकाणी वेगळे पैसे मोजून मिळायचे, आणि बाजूच्या काचा मुळात नव्हत्याच.

त्यापेक्षा जाड पारदर्शक पीव्हीसीचा, वर गुंडाळता येणारा पडदा शिवून घ्या. खालच्या काठाच्या शिवणीत पट्टी घालायला सांगाच, नाहीतर आडव्या पावसात तो फडफडतो आणि पाणी थेट मांडीवर येतं. पडद्याची चेन (झिप) प्लास्टिकची घ्या, धातूची खाऱ्या हवेत गंजून अडकते. ओला पडदा गुंडाळून ठेवू नका, बुरशी धरते.

लहान मुलं बसणार असतील तर मात्र कमरेइतकं अर्धं दार हवंच, पडदा कुणाला पडण्यापासून अडवत नाही.

आणि बॅटरीवर आयपी ६७ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) लिहिलंय म्हणून चार्जिंगचं सॉकेटही तेवढंच बंदिस्त असेल असं धरू नका. त्याच्या झाकणाचं रबर पावसाआधी हाताने चाचपून बघा.