मदत हवी आहे : 'अमली पदार्थ' मध्ये खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) येते का?

वर्धा जिल्ह्यातलं गाव हाय, ग्रामसभेचा ठराव लिहून राहिलो अन् एका शब्दावर अडलो. 'अमली पदार्थ' लिहिलं तर मोहाची दारू अन् खर्रा त्यात धरते का? शब्दकोशात अंमल म्हणजे सत्ता पण अन् नशा पण. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा, अफू हाय, दारूसाठी 1949 चा दारूबंदी कायदा वेगळा, तंबाखूचा 2003 चा आणखी वेगळा. 'मादक' म्हटलं तर म्हातारे म्हणतात खर्र्यानं कुठं नशा चढते, अन् आम्हाले तर पोरांचा खर्राच आधी सोडवायचा हाय. ठरावात सगळी नावं टाकता येतीन, पण फलकावर दोनच शब्द बसतात. मग अमली, अंमली, मादक का नशेचे, कोणता शब्द दारू-खर्रा दोन्हीले लागू पडते?