बंद उद्याने वगळू नयेत
एका दिवसाच्या सहलीत फक्त चालू असलेली छोटी मनोरंजन उद्याने घ्यावीत, बंद पडलेल्या जागी पाहण्यासारखे काही उरत नाही, हे काही जणांचे मत मला पटत नाही. उद्यान बंद पडले तरी त्यातले पाळणे पुष्कळदा दुसरीकडे फिरत असतात. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो शहराच्या, बंद पडलेल्या प्लेलँड पार्कमधला १९४७ सालचा लाकडी रोलर कोस्टर सुटा करून पेनसिल्व्हेनिया राज्यातील कनोबेल्स उद्यानात नेण्यात आला आणि १९८५ पासून तो ‘फीनिक्स’ या नावाने धावू लागला. त्याच राज्यात अल्टूना येथे १९०२ सालचा ‘लीप-द-डिप्स’ हा लाकडी रोलर कोस्टर आहे. त्याची उंची जेमतेम ४१ फूट. पण डब्यांना रुळाखालून धरून ठेवणारी चाकेच नसल्यामुळे ते केवळ बाजूच्या फळ्यांच्या आधाराने वळतात, आणि ही रचना (बसायला मिळो वा न मिळो) जवळून न्याहाळण्यासाठी मी तरी एखादे मोठे उद्यान खुशाल सोडेन.